लपवलं कुणापासून? : रहस्यकथा वाचण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५

मागच्या वर्षभरात वाचलेल्या रहस्यकथांची यादी करायला बसले आणि निम्म्या पुस्तकांतला खुनी कोण होता तेच आठवेना. शेवटची कलाटणी जबरदस्त होती एवढं आठवतं. कुणाची, कशामुळे, काही पत्ता नाही. रात्री अडीचपर्यंत जागून ज्याचा फडशा पाडला ते सहा महिन्यांत असं धुऊन जात असेल, तर गडबड माझ्या डोक्यात आहे किंवा पुस्तकांत. नक्की कुठे आहे ते बघायचं, म्हणून ही वही.

भागीदार म्हणून भाचीला घेतलंय. वय सोळा. ती वायए वाचते, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट. मी मोठ्यांचे थ्रिलर. ('कुमार साहित्य' म्हणून बघितलं, तर म्हणाली, "मावशी, मी कुमार नाहीये." 'किशोर'लाही तीच हरकत. राहिलं वायए.) दोघींनी एकमेकींच्या कपाटातलं वाचायचं.

पद्धत अशी. निम्म्या पानांवर पुस्तक मिटायचं. संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात चिकटवायचं आणि पाकीट दुसरीच्या ताब्यात द्यायचं. पुस्तक संपलं की पहिली पन्नास पानं परत वाचायची आणि जिथे लेखकानं खूण पेरलेली दिसेल तिथे समासात पेन्सिलचा ठिपका द्यायचा. ई-रीडर वापरायचा नाही. खाली '८२ टक्के' असं दिसत असताना पोलिसांनी कुणाला पकडलं, तर तो खुनी नाही हे शेंबडं पोरही सांगेल. (जाडजूड पुस्तकात उजव्या हाताखालची पानंही तेच सांगतात, पण निदान आकडा तरी दिसत नाही.)

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते, हिच्यात रहस्यं फुटलेली आहेत.

१३ सप्टेंबर

'द सायलेंट पेशंट' (अ‍ॅलेक्स मायकेलिडीस, २०१९) संपलं. चित्रकार अ‍ॅलिशिया नवऱ्याला पाच गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. थिओ हा मानसोपचारतज्ज्ञ तिला बोलतं करायला, तिला जिथे ठेवलंय त्या मनोरुग्णालयात नोकरी धरतो. मधूनमधून अ‍ॅलिशियाची रोजनिशी, मधूनमधून थिओच्या घरची कहाणी, बायकोचे ईमेल त्याच्या नजरेस पडतात वगैरे.

माझी चिठ्ठी साफ चुकली. शेवट वाचताना पोटात खड्डा पडला हे कबूल. थिओच्या घरची गोष्ट आणि दवाखान्यातली गोष्ट एकाच वेळी चाललीय असं आपण धरून चालतो. त्या दोहोंच्या मधे काही वर्षं आहेत, एवढंच सांगायचं राहिलेलं असतं. युक्ती म्हणून सुबक आहे. एका तारखेचा प्रश्न, आणि सगळा डोलारा त्यावर.

मग पहिली पन्नास पानं परत. आणि इथे माझा रस पार उतरला. ठिपके मिळाले चार, तेही ओढूनताणून. पण त्याहून खटकलं ते असं, की थिओ हे सगळं कुणाला सांगतोय? त्याच्या गोष्टीत समोर ऐकणारं कुणी नाही. तो कबुलीजबाब देत नाहीये, कुणाला फसवत नाहीये, स्वतःला विसरलेलाही नाही. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो ते फक्त माझ्यापासून लपवतोय. मी त्याची कोण? आगगाडीत शेजारी बसलेल्या माणसानं तासभर जीव ओतून स्वतःची कहाणी सांगावी आणि शेवटी 'हे सगळं सात वर्षांपूर्वीचं हं' म्हणून डोळा मारावा, तसं वाटलं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. अ‍ॅलिशिया खुनानंतर एक चित्र काढते आणि त्याला 'अल्केस्टिस' नाव देते. युरिपिडीसच्या नाटकातली ही बाई नवऱ्याऐवजी स्वतः मरायला तयार होते, मृत्यूच्या दारातून परत आणली जाते आणि परत आल्यावर बोलत नाही. ज्याला ते नाटक माहीत आहे त्याला अर्धं उत्तर मुखपृष्ठाच्या आतच मिळतं. याला म्हणतात पेरणं. यासाठी एक मोठा ठिपका.

१६ सप्टेंबर

भाचीनं हातात ठेवलं ते 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (हॉली जॅक्सन, तेही २०१९चं). उघडून बघते तर नायिका पिप शाळेच्या प्रकल्पासाठी नोंदवही लिहितेय! तारीखवार नोंदी, संशयितांची यादी, मुलाखतींची टिपणं, नकाशे. मी ज्या पद्धतीनं ही वही लिहितेय ती एका सतरा वर्षांच्या काल्पनिक मुलीनं माझ्याआधी आणि माझ्याहून नीट लिहिलीय. भाचीला हे माहीत होतं. म्हणूनच दिलंन.

पुस्तकाची सुरुवातच प्रकल्पाच्या अर्जानं होते. बाईंनी शेरा मारलाय की, विषय नाजूक आहे, दोन्ही कुटुंबांपैकी कुणाशी संपर्क साधायचा नाही. आणि पिप पहिल्याच प्रकरणात जाते कुठे, तर ज्याच्यावर खुनाचा आळ होता त्या मुलाच्या भावाच्या दारात.

१९ सप्टेंबर

संपलं. चिठ्ठी अर्धी बरोबर. (गुन्हा दोघांत वाटलेला आहे, त्यामुळे अर्धी बरोबर हाही निकाल असू शकतो हे नियमांत लिहायचं राहिलं.)

ठिपके सतरा. दुसऱ्यांदा वाचतानाही मजा कमी झाली नाही. कारण साधं आहे, पिपला जे कळतं ते त्याच दिवशी नोंदीत येतं. ती चुकते तेव्हा आपणही चुकतो. लपवणारे लोक गावात आहेत, वहीत नाहीत.

खुपलं ते एवढंच की या गावातले सगळे लोक एका शाळकरी मुलीला फोनवर भराभरा काय वाटेल ते सांगून मोकळे होतात. आणि एक गंमत: मूळ पुस्तक इंग्लंडमधल्या लिटल किल्टन या गावात घडतं, अमेरिकी आवृत्तीत अख्खी गोष्ट उचलून कनेक्टिकटमध्ये नेऊन ठेवली आहे. भाचीकडे तीच आवृत्ती, माझ्याकडे वाचनालयातली इंग्लंडची. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही वेगवेगळ्या गावांबद्दल भांडत होतो.

२१ सप्टेंबर

'द हाउसमेड' (फ्रीडा मॅकफॅडन, २०२२). एका बैठकीत. नाक मुरडून सुरू केलं होतं, कारण ज्याच्या त्याच्या हातात हेच. तुरुंगातून सुटून गाडीत दिवस काढणारी मिली श्रीमंत घरात कामाला लागते, माळ्यावरच्या तिच्या खोलीला कडी फक्त बाहेरून आहे. वाक्यरचना अगदीच कामचलाऊ. पात्रं पुठ्ठ्याची.

२३ सप्टेंबर

'हाउसमेड'ची पन्नास पानं परत वाचली आणि परवाचं नाक जरा सरळ करावं लागलं. पुस्तकाच्या मध्यावर निवेदन मिलीकडून मालकीणबाई नीनाकडे जातं, आणि नीना आधी जे विक्षिप्त, दुष्टपणाचं वागत होती त्यातल्या एकेका गोष्टीला कारण सापडतं. ती लपवत होती, पण नवऱ्यापासून. तिला लपवणं भाग होतं. वाचकाला फसवणं हा त्यातला वरचा नफा. 'सायलेंट पेशंट'ची भाषा याच्या दसपट चांगली, पण या एका बाबतीत हे पुस्तक जास्त सरळ आहे.

पुठ्ठ्याच्या पात्रांबद्दलचं मत कायम.

२८ सप्टेंबर

आज प्रकल्पाला अपघात झाला, आणि तोच आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा दिवस ठरला.

एक थ्रिलर भाचीला तोंडी सांगत होते. नाव लिहीत नाही, कारण ही नोंद वाचणाऱ्याचंही तेच वाटोळं होईल जे तिचं झालं. त्यात मधेमधे तिरप्या अक्षरांत खुन्याची छोटी छोटी प्रकरणं आहेत. खुनी 'आय' म्हणून बोलतो. बाई की बुवा, शेवटपर्यंत कळत नाही आणि सगळी गंमत त्यातच. मी रंगात येऊन सुरू केलं: "मी जिन्याखाली उभी होते..."

"म्हणजे बाई आहे!"

संपलं. पाकीट तिच्या हातात, चिठ्ठी लिहायचीय, आणि मी एका क्रियापदात निम्मे संशयित बाद करून टाकलेले. इंग्रजीतल्या 'आय'ला लिंग नाही. मराठीत 'मी'ला नसतं, पण 'मी'च्या मागून क्रियापद येतं ना. काखेत कळसा. इतकी वर्षं इंग्रजी रहस्यकथा वाचतेय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग हट्टाला पेटून दोघी कागद घेऊन बसलो. खुन्याचं एक प्रकरण मराठीत लिहायचं, लिंग कळू न देता. सुरुवात सोपी गेली:

*मी दार लोटलं. दिवा मालवला. श्वास रोखून धरला. त्याच्या पावलांचा आवाज ओळखला. सुरी उचलली.*

झकास. भूतकाळात कर्म असलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं, करणारा सुटतो. 'मी खून केला' हे तर आदर्श वाक्य, काही म्हणजे काही कळत नाही. भविष्यकाळही सोयीचा, 'मी येईन, मी बघून घेईन' हे कुणीही म्हणावं.

अडलं ते पुढे. खुन्याला नुसतं थांबायचं असलं तरी पंचाईत, 'थांबलो' की 'थांबले'? हसलो की हसले? म्हणून आम्ही त्याचे पाय जमिनीला खिळवले आणि त्याला हसू आणलं. 'घाबरलो' चालत नाही, 'मला भीती वाटली' चालतं. सगळ्यात लबाड निघाली ती 'विसरणे' आणि 'बोलणे'. कर्म असूनही ही मंडळी करणाऱ्याच्याच मागे जातात: मी नाव विसरलो, मी नाव विसरले. म्हणजे मराठीतल्या खुन्यानं खून बिनधास्त करावा, पण विसरू नये आणि तोंड उघडू नये. सांगावं, विचारावं, बोलू मात्र नये.

रोजचा वर्तमानकाळ तर पूर्ण बंद. करतो, करते. आणि वायए पुस्तकं बरीचशी प्रथमपुरुषी वर्तमानकाळातच असतात. 'द हंगर गेम्स' (२००८) पूर्ण तसं आहे. मराठीत तसं लिहून बघितलं, 'मी धावते, मी वाकते, मी बाण काढते', तर ते सामन्याच्या धावत्या समालोचनासारखं ऐकू आलं.

(भाचीचा मुद्दा: काही भागांत बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तिथली खुनी काढली तर प्रश्नच मिटतो. हा मुद्दा मी तरी कुठल्या अनुवादाच्या चर्चेत ऐकलेला नाही. तिला पाच गुण.)

हीच अडचण ऑडिओबुकवाल्यांची असणार. तिरप्या अक्षरांतल्या 'आय'ला आवाज द्यायचा म्हटला की कुणाचा तरी द्यावाच लागतो.

५ ऑक्टोबर

'वी वेअर लायर्स' (ई. लॉकहार्ट, २०१४). फार नवं नाही, पण भाची म्हणाली की हे वाचल्याशिवाय तुला माझ्याशी वायएवर बोलता येणार नाही.

श्रीमंत घराणं, खाजगी बेट, दर उन्हाळ्यात जमणारी मावसभावंडं. केडन्सला पंधराव्या उन्हाळ्यात काहीतरी अपघात होतो, त्यानंतर डोकेदुखी आणि स्मृतीत भोक. सतराव्या उन्हाळ्यात ती बेटावर परत येते. घरातल्या सगळ्यांना काय झालं ते माहीत आहे. तिलाही अनेकदा सांगून झालंय, ती दर वेळी विसरते, म्हणून आता सांगणं बंद.

चिठ्ठी चुकली. रडले. ठिपके द्यायला बसले तर हातातली पेन्सिल थांबेना. दुसऱ्या वाचनात एकच गोष्ट मोजत गेले: बेटावर तिचे जे तीन सोबती आहेत, त्या तिघांशी केडन्सशिवाय दुसरं कुणी बोलतं का? एकदाही नाही. एकाच खोलीत असतानासुद्धा नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं.

आणि मधेमधे ती गोष्टी रचते, तीन मुलींच्या राजाच्या. प्रत्येक वेळी तोच राजा, त्याच मुली, शेवट वेगळा. पहिल्यांदा वाचताना मला ते लाडिक वाटलं होतं, पानं उलटली होती. दुसऱ्यांदा कळलं की ज्याला सरळ आठवता येत नाही तो असं आडून आडून आठवतो.

इथेही निवेदक लपवते. पण स्वतःपासून. थिओसारखं नाही.

वहीत आज नवा रकाना आखला: 'लपवलं कुणापासून?' मागची सगळी पुस्तकं त्यात भरली. पिप: कुणापासूनच नाही. नीना: नवऱ्यापासून. केडन्स: स्वतःपासून. थिओ: माझ्यापासून.

८ ऑक्टोबर

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घातले होते. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, जुळी भावंडं आयत्या वेळी आणायची नाहीत, असे. त्यातला एक: गुप्तहेराच्या बावळट मित्रानं, म्हणजे वॉटसननं, मनात आलेलं काहीही वाचकापासून लपवू नये. माझा रकाना शहाण्णव वर्षं जुना निघाला.

पण अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये या नियमाची आधीच, १९२६ सालीच, वाट लावून ठेवलीय. (नव्याण्णव वर्षांनी रहस्य फोडल्याचं पाप लागत नसावं.) मग तेही पुस्तक माझ्या रकान्यात नापास? आज कपाटातून काढून शेवटची दोन प्रकरणं वाचली. नाही, पास. कारण ते निवेदन म्हणजे गोष्टीतल्याच माणसानं लिहिलेलं हस्तलिखित आहे. गुप्तहेर पॉयरोची फजिती नोंदवून ठेवावी म्हणून त्यानं ते लिहायला घेतलेलं असतं आणि पॉयरो स्वतः ते वाचतो. गाळलेल्या जागा पॉयरोसाठी गाळलेल्या आहेत. मी आपली त्याच्या खांद्यावरून डोकावणारी.

१५ ऑक्टोबर

'द अपील' (जॅनिस हॅलेट, २०२१) भाचीनं वाचलं, मी आधीच वाचलेलं. अख्खी कादंबरी ईमेल, मेसेज आणि चिठ्ठ्यांची. हौशी नाट्यमंडळ, एका लहान मुलीच्या उपचारांसाठी निधी, आणि दोन शिकाऊ वकील ही फाइल वाचून कोण दोषी ते शोधतायत.

ती अर्ध्यातच ओरडली, "मावशी, इझी सॅमला एवढे ईमेल लिहिते, सॅमचं उत्तर कुठाय?" हे मला पहिल्या वाचनात दिसलंच नव्हतं. जिच्याबद्दल सगळे लिहितात तिचं स्वतःचं पत्र फाइलमध्ये नाही. या पिढीला 'मेसेज पाहिला पण उत्तर नाही' हे लगेच बोचतं, आम्हाला पोस्टाची सवय.

नावातला श्लेष मराठीत पोचत नाही. तिकडे निधीसाठी करतात तेही अपील आणि वरच्या कोर्टात करतात तेही अपील. आपण पैशांसाठी आवाहन करतो आणि कोर्टात अपील.

२६ ऑक्टोबर

मधे दहा दिवस काही वाचलं नाही. दोन थ्रिलर पन्नास पानांत सोडले. दोन्हींच्या मलपृष्ठावर 'शेवटचं पान तुम्हाला हादरवून टाकेल' छापलेलं. असं आधी सांगून टाकलं की मी प्रत्येक पात्राकडे संशयानं बघत वाचते आणि कुणाशीच ओळख होत नाही. कलाटणी आहे हे सांगणं हीच रहस्य फोडण्याची पहिली पायरी, आणि ती प्रकाशकच चढतो.

२८ ऑक्टोबर

'लाँग वे डाउन' (जेसन रेनल्ड्स, २०१७). मुक्तछंदात. भावाचा खून झालाय, पंधरा वर्षांचा विल पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो, बदला घ्यायला. खाली पोचायला साठ सेकंद लागतात आणि पुस्तक त्या साठ सेकंदांचं. प्रत्येक मजल्यावर एक मेलेला माणूस आत येतो.

पाकीट रिकामंच राहिलं. कुणाचं नाव लिहू? संशयिताचं नाव विलला पहिल्यापासून 'माहीत' आहे, आणि तो अंदाज चूक असेल ही शंका हळूहळू लिफ्टभर पसरत जाते. सगळी रहस्यकथा त्याच्या खात्रीच्या आत दडलेली. वाचायला दोन तास लागले असतील. तीन दिवस दुसरं काही हातात धरवलं नाही.

९ नोव्हेंबर

'सनराइज ऑन द रीपिंग' (सुझन कॉलिन्स, मार्च २०२५). हे लांबणीवर टाकत होते. पन्नासाव्या हंगर गेम्सची (सत्ता मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी लढवते, ते सामने) गोष्ट, अठ्ठेचाळीस मुलं, आणि जिंकणार हेमिच. हे वाचकाला २००९पासून माहीत आहे. मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात, 'कॅचिंग फायर'मध्ये, नायिका कॅटनिस आणि तिचा साथीदार पीटा त्या सामन्याची ध्वनिचित्रफीत बघतात, त्यात तो कसा जिंकला तेही दिसतं. मग चारशेच्या आसपास पानं कशासाठी?

कशासाठी ते सुरुवातीलाच कळलं. निवडीच्या दिवशी, जो हेमिचचा वाढदिवसही आहे, चिठ्ठीत हेमिचचं नाव निघतच नाही. ज्याचं निघतं तो मुलगा पळायला बघतो आणि मारला जातो, गोंधळ होतो, त्यात एका मुलीला वाचवायला गेलेल्या हेमिचला त्याच्या जागी उभं करतात. आणि मग कॅमेऱ्यांसाठी निवड पुन्हा करून घेतात. नीट, रांगेत, जणू काही झालंच नाही. जगाला दिसते ती ही दुसरी निवड.

इथे मी पुस्तक मिटून 'कॅचिंग फायर'मधली ती पानं काढली. सोळा वर्षांपूर्वी ती फीत मी कॅटनिसच्या शेजारी बसून पाहिली होती आणि जे दिसलं ते खरं धरलं होतं. कापलेलं काय असेल हा प्रश्नसुद्धा मनात आला नव्हता. म्हणजे पेरणी आधीच्या पुस्तकात, ठिपके तिकडे द्यायचे! भाचीच्या प्रतीत तिच्या परवानगीनं दिले.

रकाना: लपवलं सत्तेनं, सगळ्या जनतेपासून. वाचक त्या जनतेत.

शेवट ठाऊक असलेलं हे पुस्तक मी या प्रकल्पातल्या कुठल्याही पुस्तकाहून जास्त श्वास रोखून वाचलं. तक्रार एकच, मागच्या पुस्तकांतली ओळखीची माणसं जागोजागी भेटत राहतात, लग्नाच्या मांडवात भेटावीत तशी. दोन-तीन कमी चालली असती.

१४ नोव्हेंबर

'द गॉड ऑफ द वुड्स' (लिझ मूर, २०२४). १९७५च्या ऑगस्टमध्ये उन्हाळी शिबिरातून तेरा वर्षांची बार्बरा नाहीशी होते. चौदा वर्षांपूर्वी तिचा भाऊही त्याच रानातून नाहीसा झालेला. शिबिराची जमीन त्यांच्याच आईवडिलांची.

काळाच्या उड्या इथेही आहेत, 'सायलेंट पेशंट'पेक्षा कितीतरी जास्त. पण कोणतं प्रकरण कोणत्या सालातलं ते प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आहे. पत्ते उघडे ठेवूनही बाई जिंकते.

भाचीला कंटाळा आला. "यात मुलगी तेरा वर्षांची आहे, मग हे वायए का नाही?" चांगला प्रश्न. माझं उत्तर असं, की बार्बराचं जवळजवळ सगळं आपल्याला दुसऱ्यांकडून कळतं: आई, शिबिरातली ताई, मैत्रीण, पोलीस. मोठ्यांच्या पुस्तकात मुलगी हे कोडं असतं. वायएमध्ये मुलगी कोडं सोडवते, किंवा निदान स्वतः बोलते. तिला हे पटलं नाही. "कंटाळवाणं असलं की ते मोठ्यांचं," एवढं म्हणून गेली.

२२ नोव्हेंबर

तिच्या आग्रहावरून पिपचं तिसरं पुस्तक, 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड' (२०२१). दुसरं मधे वाचून टाकलं होतं, त्याची नोंद करावी असं काही नव्हतं.

हे मात्र भयंकर आहे, आणि मी हा शब्द जपून वापरतेय. पहिल्या पुस्तकात बाईंना दिलेला शब्द मोडून का होईना, वहीत सगळं खरं लिहिणारी मुलगी, हिच्या हातून इथे खून होतो, आणि मग ती तपास करण्याचं सगळं कसब उलटं वापरते. पुरावे शोधायला शिकलेली मुलगी पुरावे पेरते. दुसऱ्या माणसावर ढकलते. आपण पानोपानी तिच्या बाजूनं, सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेले.

तो दुसरा माणूस नीच आहे, मान्य. पण या गुन्ह्यापुरता निर्दोष. यावर आम्ही दोघी तासभर भांडलो. तिचं म्हणणं, पोलिसांनी आधी तिचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, त्यामुळे लेखिकेनं बरोबर केलं. माझं म्हणणं, लेखिकेनं बरोबर केलं पण पिपनं चूक केलं. ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी." मग भांडत कशावर होतो?

रकान्यात लिहिलं: लपवलं सगळ्यांपासून. फक्त वाचकापासून नाही. थिओच्या अगदी उलट, आणि म्हणूनच अंगावर काटा. थिओ मला शेवटी शेंडी लावून गेला. पिपनं मला पहिल्यापासून साथीदार करून घेतलं.

२३ नोव्हेंबर

त्याच लेखिकेचं मोठ्यांसाठीचं पहिलं पुस्तक, 'नॉट क्वाइट डेड येट' (२०२५). डोक्यावर घाव बसलेली जेट, हातात आठवडा, स्वतःचाच खून शोधायचा. कल्पना नामी. निवेदन सरळ. विनोदाचा डोस जरा जास्त. भाची: "हे वायएच आहे, फक्त वय सत्तावीस केलंय." यावर वाद घातला नाही.

३० नोव्हेंबर

पाकिटं मोजली. माझी नऊ, त्यातली बरोबर दोन आणि एक अर्धी. तिची आठ, बरोबर पाच. हे कसं, म्हणून विचारलं. म्हणाली, "तू पुरावे शोधतेस. मी बघते की लेखकाला कोण आवडतो. ज्याला उगीचच चांगलं दाखवलंय, तो."

म्हणून शेवटचं पुस्तक असं निवडलंय की ही युक्ती चालू नये: कीगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (मूळ जपानी, २००५). यात खून कुणी केला, कसा केला, ते पहिल्याच प्रकरणात आपल्यासमोर घडतं. शेजारचा गणिताचा शिक्षक तो झाकायला मदत करतो. एके ठिकाणी तो आपल्या परीक्षेतल्या गणिताबद्दल सांगतो की, दिसायला ते भूमितीचं असतं पण सोडवायचं असतं फलनांच्या रीतीनं. पोरं आकृतीकडे बघत बसतात आणि फसतात. माझ्या प्रतीत त्या वाक्याशेजारी दोन ठिपके आहेत, एकावर एक, कारण पहिला खोडायचा राहिला.

तिनं निम्म्यावर पुस्तक मिटलं आणि पाकीट घेऊन बसली. "नाव काय लिहू? खुनी तर माहितीये."

"तुला काय लपवलंय असं वाटतं ते लिही."

बराच वेळ पेन चावत होती. मग काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, पाकीट डिंकानं नीट चिकटवून माझ्याकडे दिलं. उजेडात धरून बघायचा मोह झाला, धरलंही. 'भूमिती' एवढा शब्द दिसतोय, पुढचं खोडलेल्यात गेलंय.

ती आता एकोणिसाव्या प्रकरणावर आहे. शेवट वाचून झाला की उघडू.